टेम्पो कुठे उभा करायचा?

कोपरखैरण्याच्या एका तरुणाने विचारलंय: "आमच्या तीन-चार सोसायट्यांनी मिळून दोन टेम्पो भरतील एवढं सामान गोळा केलंय. तीसेक मुलंमुली यायला तयार आहेत. पण जिथे पूर आलाय त्या गावात पंधरा दिवसांपूर्वी दोन गटांत दगडफेक झाली होती आणि अजून जमावबंदी आहे. जावं का? गेलो तर वाटप कसं करावं? आणि पुढे घरं उभी करायला काही हातभार लावता येईल का?"

जा. पण उद्या टेम्पो नेऊ नका, आणि तीस जणांनी तर मुळीच जाऊ नका. उद्या फक्त दोघं जा, त्यातली एक मुलगी असू दे. बरोबर एक वही, पाणी आणि घरचा डबा घ्या, म्हणजे तिथे कोणाच्या तरी ओट्यावर जेवायला बसायची वेळ येणार नाही. जाऊन एकच गोष्ट बघून या: टेम्पो कुठे उभा करायचा.

मी ठाण्यात राहतो. २००५ च्या जुलैत या कामात पडलो तो अजून बाहेर आलेलो नाही. उल्हास नदीकाठची गावं, आसाम, सांगली-कोल्हापूर, चिपळूण असं फिरणं झालं. टेम्पोच्या जागेचा धडा मात्र आपल्याच जिल्ह्यात मिळाला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण दोन्ही बाजूंची माणसं अजून एकमेकांच्या शेजारी राहतात. मध्ये नाला, नाल्यावर मोरी, अलीकडे एक वस्ती, पलीकडे दुसरी. पुराच्या महिनाभर आधी मिरवणुकीच्या रस्त्यावरून वाजलं होतं. पाणी ओसरलं त्या सकाळी आम्ही पोहोचलो आणि टेम्पो अलीकडच्या मंडळाच्या शेडखाली लावला. कारण एवढंच की पाऊस लागला होता आणि तिथे पत्रे होते. माईकवरून दोन्ही वस्त्यांना बोलावलं. चारशे किट होती. दुपारी दोनपर्यंत पलीकडून अकरा जण आले, त्यात नऊ म्हाताऱ्या बायका, तरुण एकही नाही. आम्ही आपलं समजलो की पलीकडे नुकसान कमी असेल. संध्याकाळी मोरीवर पोरं जमली, "मंडळवाल्यांनी मंडळवाल्यांनाच वाटलं" असं सुरू झालं आणि रात्री एक मोटरसायकल जळली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो नाक्यावरच्या रेशन दुकानासमोर लावला. तिथे दोन्हीकडची माणसं एरवीही दर महिन्याला पिशवी घेऊन उभी राहतात, त्या जागेची कोणाला भीती नव्हती. तासाभरात मिसळून रांग लागली. सामान तेच, माणसं तीच, फरक फार तर शंभर पावलांचा. ज्याची गाडी जळली तो पोरगा सकाळी पेपर टाकायचा. आम्ही आपसांत वर्गणी काढून त्याला जुनी गाडी घेऊन दिली, कारण चूक आमची होती.

तेव्हा बघायचं ते हे. रेशन दुकान, पालिकेची शाळा, सरकारी दवाखाना, एसटीचा थांबा, पिठाची गिरणी. देऊळ, मशीद, विहार, पक्षाची शाखा, पुढाऱ्याचं जनसंपर्क कार्यालय यांच्या दारात नाही. मग ते कितीही भले असोत आणि त्यांचा पत्रा कितीही कोरडा असो. जागा ठरवताना कोणाला विचारायचं? गावात शिरल्यावर पुढे येऊन पाणी विचारणाऱ्या पहिल्या माणसाला नाही. आशाताईला विचारा, अंगणवाडी सेविकेला विचारा. तणावातही या बायका दोन्ही गल्ल्यांतून फिरत असतात, कारण तापाचा पेशंट आणि तान्हं मूल दोन्हीकडे असतं. कुठल्या कोपऱ्यापुढे कोण जात नाही, हे त्यांना पाठ असतं.

यात माझं शहाणपण काही नाही. आपल्या भिवंडीने हे फार आधी शिकून ठेवलंय. १९७० आणि १९८४ अशा दोन मोठ्या दंगली त्या गावाने सोसल्या. १९८८ नंतर तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतल्या साध्या माणसांवर आणि त्या भागातल्या हवालदारावर भर दिला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. कामवारी नदीचं पाणी ईदगाह रोडला आणि तीनबत्तीच्या भाजी मार्केटात शिरतं तेव्हा मला आजही तसाच माणूस हवा असतो, ज्याला दोन्हीकडच्या दुकानदारांची नावं माहीत आहेत आणि ज्याला निवडणूक लढवायची नाही. शांतता समितीच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसणारे ते हेच, असं मात्र धरून चालू नका.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. जमावबंदीचा आदेश आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. जुने लोक अजून १४४ च म्हणतात. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हे सगळं ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं. बाकी ग्रामीण भागाला जिल्हा पोलीस अधीक्षक. स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी पत्र द्या, त्यात टेम्पोचे नंबर, चालकांची नावं, वाटपाची वेळ आणि जागा लिहा, आणि पोच घ्या. तहसील कार्यालयालाही तेच पत्र. ते नको म्हणाले तर परत या, वाद घालू नका. ते म्हणतील, "आमची गाडी पुढे देतो." इथे मी वेगळा पडतो. पोलिसांना सगळं सांगायचं, पण पोलिसांच्या गाडीमागून गावात शिरायचं नाही. ज्या गल्लीतून पंधरा दिवसांपूर्वी पोरं उचलली गेली, तिथे त्या गाडीमागून आलेला तांदूळ कोणी घेत नाही. बंदोबस्त नाक्यापलीकडे दिसेल न दिसेल असा असावा. माझ्याबरोबर काम केलेले काही जण याच्या अगदी उलट सांगतील. त्यांचाही अनुभव खोटा नाही, त्यांचा टेम्पो एकदा लुटला गेला होता. माझाही गेला आहे. तेव्हापासून मी एका वेळी अर्धाच माल आत नेतो. लूट सुरू झाली की फाळका उघडा टाकून मुलांना बाजूला घेतो. तांदूळ परत आणता येतो.

चालक कोण, हेही बघा. २०२३ च्या मे महिन्यात मैतेई आणि कुकी समाजांतल्या हिंसाचाराने मणिपूर दुभंगलं. त्यानंतर खोऱ्यातला मैतेई चालक डोंगरात जाऊ शकत नव्हता आणि कुकी चालक खोऱ्यात. तेव्हा दोन्हीकडे माल नेणाऱ्यांत पांगल, म्हणजे मैतेई मुस्लिम चालक बरेच होते, कारण ते त्या भांडणात कुठल्याच बाजूचे धरले जात नव्हते. माणसं आधीच छावण्यांत राहत असताना २०२४ च्या मे अखेरीस रेमल चक्रीवादळाच्या पावसाने इंफाळमध्ये पूर आला. अशा वेळी गाडी कोण चालवतो यावर ती पोहोचते की नाही हे ठरतं. तुमच्याकडे इतकी वेळ येणार नाही. तरी काचेवरचे स्टिकर, झेंडे, नावं काढून टाका. तुमच्या सोसायट्यांचा बॅनरसुद्धा. फोटो हवेतच तर सामानाचे काढा, हात पसरलेल्या माणसांचे नकोत.

आता यादी. सगळीकडे सांगतात की लाभार्थ्यांची यादी भिंतीवर लावा, पारदर्शकता राहते. शांत काळात मीही तेच सांगतो. पण तणावाच्या गावात नावांची यादी भिंतीवर लागली की कोणत्या घरात कोण राहतं, कुठे माणूस एकटा आहे, कुठे फक्त बायका आहेत हे सगळं भिंतीवर लागतं. आपल्याकडे नावावरून जात-धर्म कळायला किती वेळ लागतो? म्हणून यादीत घराला क्रमांक द्या, नावांची वही एकाच माणसाच्या पिशवीत ठेवा, आणि गल्लीत उभं राहून "या ओळीतली बावीस घरं, बावीस टोकन" असं मोठ्याने मोजा. ज्याचं राहिलं तो तिथेच ओरडतो. त्याला ओरडू द्या, वहीत घ्या. यादीचा पाया अंगणवाडीचं रजिस्टर असावं, नगरसेवकाने पाठवलेली एक्सेल नव्हे. एक्सेल घ्या, आभार माना, आणि ताळा करायला वापरा. इंटरनेट बंद असू शकतं, तेव्हा सगळं कागदावर. कोणी "त्यांना कशाला?" असं म्हणालंच तर भांडत बसू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ६१ आहे: मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येत नाही. मी त्याची झेरॉक्स वहीत ठेवतो. कायद्याचा कागद दिसला की आवाज थोडा खाली येतो, एवढाच तिचा उपयोग, पण तो आहे.

सामानाबद्दल. शिजवलेलं अन्न नेऊ नका. कोणाच्या हातचं, कुठल्या भांड्यातलं, श्रावण की रोजा, या वादात तुम्ही पडाल आणि खिचडी आंबेल. कोरडा शिधा द्या: तांदूळ, तूरडाळ, मीठ, तिखट, सीलबंद तेलाची पिशवी, काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. चूल विझलेली असेल तर पहिल्या दोन दिवसांना चिवडा, बिस्किटं, खजूर. ताडपत्री, सतरंजी, बादली, झाडू, खराटा, फावडं. हो, फावडं. गाळ उपसायला काही नसतं आणि ते न्यायचं कोणाला सुचत नाही. सॅनिटरी पॅड मुलींच्या हातून, वेगळ्या पिशवीत द्या. जुने कपडे कोपरखैरण्यातच ठेवा. तुमची भावना मी समजतो, पण पूरग्रस्त गावाबाहेर भिजलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग मी इतके पाहिलेत की आता त्यावर बोलायचाही कंटाळा येतो.

पाण्यासाठी बाटल्यांचे खोके वाहून नेऊ नका, टँकर आणि पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची सोय करा. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरायचं, पिणं-धुणं सगळं मिळून. ताज्या टीसीएलचा हिशोब ढोबळमानाने हजार लिटरला ५ ग्रॅम, आणि अर्ध्या तासाने ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायच्या चाचणीला, पिवळा रंग आला पाहिजे. टँकरही टेम्पोसारखाच: तो कोणाच्या दारात उभा राहतो ते बघा. शाळेत छावणी असेल तर दर २० माणसांमागे एक संडास हा हिशोब ठेवा. तेवढे नसतातच. मग बायकांचे आधी, आणि त्यांच्या वाटेवर दिवा. गुडघाभर पाण्यातून चाललेल्या सगळ्यांना लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या, गोळीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवा. २००५ च्या पुरानंतर मुंबई-ठाण्यात लेप्टोने माणसं गेली होती. गोळी स्वतः वाटू नका, गरोदर बायका आणि लहान मुलं यांचा निर्णय डॉक्टरांचा.

अफवेबद्दल जरा थांबून लिहितो, कारण पूर आणि तणाव एकत्र आले की अफवेला दोन तोंडं फुटतात. एक पाण्याची, एक माणसांची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगरात धरण फुटलं, त्सुनामी आली, अशी हूल उठली आणि पळापळीत माणसं चेंगरून मेली, हे फार जण विसरले. पाणी आलंच नव्हतं. कल्याण-बदलापूरकडे दर पावसाळ्यात "बारवीचे दरवाजे उघडले" हा मेसेज फिरतो. बारवी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी गाठली की आपोआप उघडतात, कोणी रात्री येऊन उघडत नाही. पण "उघडले" म्हटलं की पुढचा प्रश्न "कोणी उघडले?" हाच येतो. बांगलादेशात ५ ऑगस्ट २०२४ ला सरकार कोसळलं, पोलीस यंत्रणा विस्कटलेली होती, आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात फेनी, कुमिल्ला भागात मोठा पूर आला. लगेच बोलबाला झाला की त्रिपुरातलं डुंबूर धरण भारताने मुद्दाम उघडलं. भारताने सांगितलं की गोमती नदीच्या पाणलोटात, धरणाच्या खालच्या अंगाला प्रचंड पाऊस झालाय. रस्त्यावर संतापलेल्या माणसाला पाणलोट क्षेत्र समजावून घ्यायचं नसतं, त्याला कोणीतरी माणूस हवा असतो. त्याच देशात, त्याच आठवड्यात ढाका विद्यापीठात विद्यार्थी ट्रकच्या ट्रक सामान गोळा करून पाठवत होते. तुमच्या तीस जणांमधून एकाला फक्त अफवेचं काम द्या. त्याने मेसेज पुढे पाठवायचा नाही, तहसीलच्या नियंत्रण कक्षाला फोन करायचा आणि मिळालेलं उत्तर आशाताईला सांगायचं. तिचं ऐकतात. खोटा इशारा पसरवल्याबद्दल त्याच आपत्ती कायद्याच्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही गटाच्या ग्रुपवर एकदा टाकून ठेवा, आधी स्वतःच्या पोरांसाठी.

संकटात माणसं आपोआप जवळ येतात असं म्हणतात. येतातही, पहिले दोन दिवस. २००४ ची त्सुनामी एकाच सकाळी इंडोनेशियातल्या आचे प्रांतावर आणि श्रीलंकेवर आली. आचेमध्ये सरकार आणि बंडखोर यांच्यात आठ महिन्यांत शांतता करार झाला. श्रीलंकेत सरकार आणि तमिळ बंडखोरांची संघटना एलटीटीई यांनी मदत एकत्र वाटण्याची संयुक्त यंत्रणा ठरवली, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये तिच्यातल्या मुख्य तरतुदींना स्थगिती दिली. त्यात एक मुद्दा असा होता की प्रादेशिक समितीचं कार्यालय किलिनोच्चीत, म्हणजे एलटीटीईच्या ताब्यातल्या गावात, असावं का. शेवटी तिथेही अडलं ते टेम्पो कुठे उभा करायचा यावरच.

घरं उभी करण्याचा तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. तिथे पैशांपेक्षा तुमचा वेळ लागेल. पाणी ओसरलं की तलाठी पंचनाम्याला येतो. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत सपाट भागातलं पूर्ण पडलेलं घर १ लाख २० हजार, अंशतः पडलेलं पक्कं घर ६,५००, कच्चं ४,०००, झोपडी ८,०००. कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५००, तेही घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर. आपल्याकडे खाडीचं भरतीचं पाणी सहा तासांत ओसरतं आणि तेवढ्यात फ्रिज, गादी, पीठ, पुस्तकं सगळं घेऊन जातं. राज्य सरकार बऱ्याचदा वेगळा आदेश काढून सवलत देतं, पण त्यासाठीही पंचनाम्यात नाव लागतं. आणि नाव लागतं ते घरमालकाचं.

एका चाळीत मी हे जवळून पाहिलं. खोलीचा मालक दुसऱ्या समाजाचा, राहायला दुसरीकडे. पंचनाम्याच्या दिवशी तो बरोबर हजर. भाडेकरू बाई ओलं रेशनकार्ड तव्यावर मंद आचेवर सुकवत होती, अगदी पापड भाजावा तशी, उलटंपालटं करून. मालक म्हणाला, "खोली माझी." खरंच होतं. बाई म्हणाली, "भांडी माझी." तेही खरं होतं. आजूबाजूला दोन्हीकडची माणसं जमली आणि भाड्याच्या भांडणाला धर्माचा रंग चढायला लागला. तलाठी समंजस होता. भिंतीचं नुकसान मालकाच्या नावावर, आणि कपडे-भांडी जिची चूल तिथे पेटत होती तिच्या नावावर, असे दोन वेगळे रकाने त्याने भरले. गर्दी पांगली. तेव्हापासून मी स्वयंसेवकांना शिकवतो की पंचनाम्याला तलाठ्याबरोबर चाला आणि प्रत्येक दारात विचारा, इथे चूल कोणाची? भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो काढा, फोटोत घराचा क्रमांक येऊ द्या. रंगरंगोटीच्या आधी. कागद वाहून गेलेल्यांसाठी आधार आणि रेशनकार्डाची दुय्यम प्रत काढायचा एक टेबल लावा, त्याच रेशन दुकानासमोर.

नवीन जागेत वसाहत करून देऊ असं सांगणारा कोणी ना कोणी येतोच. त्याच्या नकाशात दोन समाजांच्या दोन वसाहती असतील तर त्यात तुमचा पैसा घालू नका. पहिल्या रात्री ज्याला जिथे सुरक्षित वाटेल तिथे झोपू द्या, त्यात बळजबरी नको. पण तात्पुरती विभागणी सिमेंटने पक्की करायची नसते. नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, कोणी पुन्हा घर बांधत असेल तर मात्र स्पष्ट नको म्हणा, तो कुठल्याही बाजूचा असो. बाकी घरांत जोतं उंच करता आलं तर उत्तम. नाहीतर निदान मीटर आणि स्विचबोर्ड पाण्याच्या रेषेच्या वर न्या. गिलावा सुकायला वेळ द्या. सिमेंट, पत्रे, पाइप गावातूनच घ्या, दोन्हीकडच्या दुकानांतून, थोडं महाग पडलं तरी. भिवंडीसारख्या ठिकाणी घराआधी यंत्रमागाची मोटर सुरू करावी लागते. मोटर रिवाइंड झाली की मालक, जॉबर, कांडीवाला, हमाल सगळ्यांची कमाई सुरू होते, आणि हे चौघे क्वचितच एकाच गल्लीत राहतात.

तुमच्या तीस जणांत कोणाला वायरिंग येतं का ते विचारा. पहिल्या आठवड्यात दोन चांगले वायरमन मिळाले तर मी बाकी अठ्ठावीस जणांना पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवीन. महिनाभराने कॅमेरे निघून गेलेले असतात आणि पंचनाम्यातून राहिलेली घरं तेव्हा कळतात. उद्या दोघं जाऊन आलात की गावाचा कच्चा नकाशा काढून पाठवा, नाला कुठे, रेशन दुकान कुठे, कोण कुठपर्यंत जातं. मग टेम्पोचं बोलू.